‘दोन आटे आवळू का, साहेब?’

फेब्रुवारीतली रात्रपाळी होती. वाळवा तालुक्यात कृष्णेकाठी आमचा साखर कारखाना आहे. गाळप ऐन भरात, गव्हाणीपुढे बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग, आणि बॉयलरच्या वरच्या मजल्यावर सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या) सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ फुसफुसत होती. फार नाही. पण चार मजले खाली ऐकू यावी इतकी. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे दाब ठरल्यापेक्षा वर गेला की आपोआप उघडून वाफ सोडणारी झडप. आमचे जुने फिटर आण्णा पाना हातात घेऊनच माझ्याकडे आले. ‘साहेब, दोन आटे आवळू का? लगेच गप्प बसतंय बघा.’

साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलेला असतो. आण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं. स्प्रिंगवरचा स्क्रू आवळला की व्हॉल्व्ह खरंच गप्प बसतो. पण स्प्रिंग जास्त दाबली गेली, की व्हॉल्व्ह उघडण्याचा दाबही वर सरकतो. ४७ किलोला (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४७ किलो दाबाला) उघडायचा तो ४८ला, ४९ला उघडतो, आणि हे कोणाला कळतही नाही, कारण तो उघडण्याची वेळ वर्षातून क्वचित येते. फुसफुस मात्र रोज कानावर पडते. म्हणून मी गळतीला नाही, गळतीवरच्या त्या उपायाला जास्त घाबरतो.

त्या रात्री मी पाना खाली ठेवायला लावला आणि बॉयलरचा दाब ४५ वरून ४३ किलोवर आणला. फुसफुस बरीच कमी झाली. टर्बाइनवाल्यांचा फोन लगेच आला, कारण महावितरणला जाणारी वीज घटली होती. ते भांडण हंगाम संपेपर्यंत चाललं.

दाब कमी केल्यावर गळती का घटली, हे आण्णांना मी कागदावर काढून दाखवलं. व्हॉल्व्हची चकती सीटवर, म्हणजे ती जिथे टेकते त्या कड्यावर, दाबून धरायला वरून स्प्रिंग असते आणि खालून वाफ तिला उचलत असते. सीटवर खरा जोर राहतो तो या दोहोंतल्या फरकाचा. दाब सेटिंगच्या ९८ टक्क्यांवर गेला की चकती धरून ठेवायला जेमतेम दोन टक्के जोर उरतो. अशा वेळी एखादा कणसुद्धा मध्ये सापडला तर वाफ वाट काढते, आणि एकदा वाट सापडली की ती त्या धातूला कोरत जाते. सीटवर सुरीने ओढल्यासारखी बारीक रेघ पडते. मग दाब खाली आणला तरी गळती पूर्ण थांबत नाही. आण्णांनी कागद नीट पाहिला आणि म्हणाले, ‘म्हंजे आपुन बॉयलर लई चढवून चालवतोय म्हणा की.’ निम्मं उत्तर तेच होतं. उरलेलं निम्मं पुढे पावसाळ्यात सापडलं.

हंगाम संपला. बॉयलर विझवण्याआधी मी चीफ इंजिनियर साहेबांकडे एक गोष्ट मागून घेतली : व्हॉल्व्ह खोलण्यापूर्वी तो आहे त्या अवस्थेत कितीला उघडतो ते बघायचं. बहुतेक ठिकाणी हे होत नाही. व्हॉल्व्ह उतरवतात, घासतात, पुसतात, नव्याने सेट करतात आणि रजिस्टरला छान आकडा लिहितात. पण गेला हंगामभर तो कुठे उभा होता, हे कायमचं हुकतं. आम्ही टर्बाइन बंद करून, मेन स्टीम व्हॉल्व्ह मिटून, स्टार्ट-अप व्हेंट (वाफ बाहेर सोडायची वाट) हळूहळू आखडत दाब चढवला. ४७ गेले, काही नाही. ४८ गेले. ४८.६ला सुपरहीटरचा व्हॉल्व्ह उडाला, म्हणजे धाडकन उघडला.

वर जाऊन टोपी काढली, तर सेटिंगला कोणी हात लावू नये म्हणून असलेलं शिशाचं सील जागेवर नव्हतं आणि लॉकनटच्या खाली आट्यांवर ताजी चकाकी होती. कोणीतरी, कोणत्या तरी हंगामात, दोन आटे आवळून घेतले होते. कोणी ते मी विचारलं नाही. ज्याने केलं त्याने कारखाना बंद पडू नये म्हणूनच केलं असणार, आणि चौकशी लावली असती तर पुढच्या वेळी मला कोणी विचारायलाही आलं नसतं.

१८०३ मध्ये इंग्लंडात ग्रीनिचला, वाफेची इंजिनं बनवणाऱ्या रिचर्ड ट्रेविथिकच्या इंजिनाचा बॉयलर फुटला तेव्हाही सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून ठेवलेला होता. त्यानंतर त्याने बॉयलरला दोन व्हॉल्व्ह बसवायला सुरुवात केली आणि त्यांतला एकच चालवणाऱ्याच्या हाताला येईल असा ठेवला. शिशाच्या सीलमागे हाच विचार आहे.

जून-जुलैत काम सुरू झालं. आमच्या बॉयलरला तीन सेफ्टी व्हॉल्व्ह : ड्रमवर, म्हणजे पाणी-वाफेच्या वरच्या टाकीवर दोन, आणि सुपरहीटरच्या हेडरवर, म्हणजे वाफ गोळा होते त्या जाड पाइपावर एक. सुपरहीटरचा सगळ्यांत आधी उघडतो, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. ड्रमचे व्हॉल्व्ह आधी उघडले तर वाफ ड्रममधूनच निघून जाईल आणि सुपरहीटरच्या नळ्यांतून काहीच वाहणार नाही. बाहेरून भट्टीचा जाळ आणि आत वाफ नाही, म्हणजे नळ्या भाजून निघतील. आता हाच व्हॉल्व्ह ४८.६ वर सरकला, म्हणजे ड्रमच्या ५०.५च्या किती जवळ गेला बघा. चालू बॉयलरमध्ये ड्रम आणि हेडर यांच्यात दाबाचा फरक असतोच, त्यामुळे प्रत्यक्षात ड्रमचाच आधी उडाला असता.

खोलताना आधी मोजमाप. स्प्रिंग दाबणारा कॉम्प्रेशन स्क्रू किती वर आहे, व्हॉल्व्ह कसा उघडतो आणि बंद होतो हे ठरवणाऱ्या दोन्ही रिंगा कितव्या खाचेवर आहेत, हे लिहून घेतल्याशिवाय पाना लावायचा नाही. मग स्प्रिंग बाहेर काढायची, मोकळी उंची मोजायची, गंज आणि चीर बघायची. स्पिंडल (चकतीवरचा उभा दांडा) सरळ आहे का ते बघायला कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर डायल लावून फिरवून आणलं. तिन्ही स्पिंडल ठीक निघाले. सुपरहीटरची स्प्रिंग मात्र आम्ही बदलली. जास्त दाबून ठेवलेल्या स्प्रिंगचा आणखी एक तोटा असतो : व्हॉल्व्ह उघडताना तिला आखडायला जागाच उरत नाही, वेटोळी एकमेकांना भिडतात आणि चकती पूर्ण उचलली जात नाही. म्हणजे उशिरा उघडणार, आणि उघडून वाफही पुरेशी सोडणार नाही.

लॅपिंगवरून, म्हणजे सीट आणि चकती पेस्ट लावून घासण्यावरून, माझं आणि आण्णांचं चांगलंच वाजलं. आण्णांचा हात सोन्यासारखा. पण त्यांची सवय साध्या ग्लोब व्हॉल्व्हची. पेस्ट लावायची, चकती सीटवर ठेवायची आणि एकमेकांवर घासायची. सेफ्टी व्हॉल्व्हला हे चालत नाही. चकतीवर खोलगट रेघ पडली असेल तर ती सीटवर छापली जाते, दोन्ही एकमेकांना जुळतात पण सपाट कोणीच राहत नाही. गरम झाल्यावर चकती जरा हलली की पुन्हा गळती. इथे दोघांना वेगवेगळं, बिडाच्या सपाट लॅपिंग प्लेटवर घासायचं, हात आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, आणि प्लेटही मध्येमध्ये सपाट करून घ्यायची. आण्णा म्हणाले, ‘तीस वर्सं असंच केलंय, कुटं काय बिघडलं?’ मी काही बोललो नाही. एक सीट त्यांच्या पद्धतीने आणि एक प्लेटवर करून घेतली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोन्ही सीटा खिडकीच्या उजेडात धरल्या, बराच वेळ बघितल्या आणि आपली सीट स्वतःच परत प्लेटवर घेतली. पुढचं सगळं लॅपिंग त्यांनी केलं, आणि मला तसं साता जन्मांत जमलं नसतं.

व्हॉल्व्ह उतरवून झाल्यावर एका भरपावसात मी डिस्चार्ज पाइपाकडे बघत उभा होतो, तेव्हा ते उरलेलं निम्मं उत्तर दिसलं. व्हॉल्व्हमधून सुटलेली वाफ छपराबाहेर न्यायला मोठा उभा पाइप असतो. तो इमारतीच्या सांगाड्यावर टांगलेला असला पाहिजे आणि व्हॉल्व्हच्या कोपराचं तोंड त्यात नुसतं मोकळं शिरलं पाहिजे, मध्ये फट ठेवून. बॉयलर तापला की ड्रम आणि हेडर जागेवरून सरकतात, त्यासाठी ती फट. आमच्या सुपरहीटरच्या व्हॉल्व्हवर कधीतरी कोणीतरी ती फट पट्ट्या मारून वेल्ड करून टाकली होती, बहुधा वाफ अंगावर येते म्हणून. त्यामुळे बॉयलर थंड असताना सगळं सरळ दिसायचं, आणि बॉयलर तापला की तो अजस्र पाइप व्हॉल्व्हला एका बाजूला रेटायचा. बॉडी किंचित पिळली की सीट आणि चकती एकमेकांना समांतर राहत नाहीत. मग कितीही सुंदर लॅपिंग करा, गळणारच. आटे आवळून ही गळती थांबवणं म्हणजे पिळलेल्या बॉडीवर स्प्रिंगचा आणखी जोर चढवणं. आम्ही वेल्ड कापलं, पाइप सांगाड्यावर घेतला, आणि फट चहूबाजूंनी सारखी आहे का हे थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी मोजायचं ठरवलं.

त्याच पाइपाच्या तळाशी पाणी वाहून जायला जे भोक असतं, ते कुंभारमाशीने मातीने लिंपून टाकलं होतं. वरून पाऊस, खालून बुजलेलं भोक. पाणी चकतीच्या डोक्यावर साचून राहायचं, आणि व्हॉल्व्ह उडाला असता तर ते सगळं पाणी वाफेबरोबर पाइपात आपटलं असतं. आता तिथे भोकाऐवजी मोठी ड्रेन लाइन आहे. ती मजल्यापर्यंत आणली आहे, आणि तिच्यावर कुठेही व्हॉल्व्ह नाही.

सुटलेली वस्तू जाते कुठे, हा प्रश्न केमिकल कारखान्यात आमच्यापेक्षा फार भयंकर असतो. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये टाकीचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला होता. त्याच्यापुढचा, वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर तेवढा वायू पचवू शकत नव्हता आणि तो जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची लाइन तुटक होती. आमच्या व्हॉल्व्हमधून नुसती पाण्याची वाफ बाहेर पडते. तरीही तिच्या मार्गात माणूस उभा असेल तर तो वाचत नाही, म्हणून पाइपाचं तोंड शिडीच्या आणि चालण्याच्या जागेपासून दूर आहे ना, हे आम्ही वर चढून पाहिलं.

बॉयलरबरोबर प्रक्रियेकडचे व्हॉल्व्हही काढले. साखर कारखान्यात खरी हेळसांड त्यांचीच होते. टर्बाइनमधून बाहेर पडणारी एक्झॉस्ट वाफ साधारण दीड किलो दाबाने इव्हॅपोरेटरला आणि ज्यूस हीटरला जाते. ती कमी पडली की पीआरडीएस नावाचं स्टेशन बॉयलरची ४५ किलोची वाफ दाब आणि तापमान उतरवून त्याच हेडरमध्ये सोडतं. त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह उघडा अडकला, तर दीड किलोसाठी बांधलेल्या भांड्यांकडे ४५ किलोची वाफ निघते. मध्ये उभा असतो तो फक्त हेडरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. आणि रस कमी आला की हाच व्हॉल्व्ह वरचेवर उडतो, बगॅस (जळणाचं उसाचं चिपाड) वाया जातो म्हणून केमिस्ट ओरडतात. त्यामुळे आवळाआवळीचा मोह इथे सगळ्यांत जास्त. आमच्याकडे त्याच्याखाली एक गेट व्हॉल्व्हही निघाला. तो कोणीही चाक फिरवून बंद करू शकला असता. बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व्हच्या आधी असा अडसर चालतच नाही. इथला आम्ही काढून टाकला. डिस्टिलरीकडच्या हवेच्या रिसीव्हरवरचे छोटे व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यापेक्षा नवीनच घेतले.

मग हायड्रॉलिक टेस्ट. बॉयलरमध्ये पाणी भरून कामाच्या दाबाच्या वर दाब द्यायचा, बाष्पके संचालनालयाचे निरीक्षक समोर. या दाबाला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडू नयेत म्हणून त्यांच्या तोंडात हायड्रो प्लग बसवतात. टेस्ट झाल्यावर प्लग आत राहिला आणि व्हॉल्व्ह वरून जोडला, तर बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. व्हॉल्व्ह नवाकोरा दिसतो आणि पूर्ण मेलेला असतो. म्हणून आम्ही प्लग लाल रंगवले, आकडे टाकले आणि माझ्या केबिनच्या भिंतीवर खिळे ठोकून प्रत्येकाची जागा केली. गॅगचीही तशीच. गॅग म्हणजे फ्लोटिंगच्या वेळी, म्हणजे दाब चढवून एकेक व्हॉल्व्ह खरोखर उडवून सेट करताना, बाकीच्यांचा स्पिंडल वरून दाबून धरणारा स्क्रू. निरीक्षकांनी टेस्टनंतर पहिलं वाक्य हेच विचारलं : ‘प्लग दाखवा.’ भिंतीवरचे तिन्ही प्लग बघून ते पुढच्या कागदाकडे वळले. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा आला म्हणून कारखान्यात बरीच चर्चा होती. त्यांचा प्रश्न मात्र जुनाच होता.

दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन झालं. संचालक, हार, नारळ, पेढे. ते ओसरल्यावर फ्लोटिंग.

शेजारच्या वस्तीवर आदल्या दिवशी निरोप धाडला होता, कारण हा आवाज दोन-तीन कोसांवर जातो आणि लोक घाबरतात. दाबमापक डेडवेट टेस्टरवर (ठरावीक वजनं ठेवून मापक तपासायच्या यंत्रावर) तपासून आणला आणि थेट ड्रमच्या पातळीवर बसवला. फायरिंग फ्लोअरवरच्या मापकावर हे काम करू नये. ड्रमपासून तिथपर्यंत नळीत पाणी उभं असतं आणि दर दहा मीटरला साधारण एक किलो जास्त दाखवतं. आमची उंची धरली तर सेटिंगमध्ये दीड किलोचा घोळ झाला असता.

क्रम वरून खाली. आधी ड्रमचा ५१.५चा, मग ५०.५चा, शेवटी सुपरहीटरचा ४७चा. ज्याची पाळी नाही त्याला गॅग. पण गॅग थंड बॉयलरवर आवळायचा नाही. दाब सेटिंगच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास आल्यावर, आणि तोही फक्त हाताने. स्पिंडल तापून लांबतो. वर गॅग घट्ट बसलेला असेल तर त्याला जायला जागा राहत नाही आणि तो वाकतो.

खाली फायरमन, पॅनलवर ऑपरेटर, वर मी आणि आण्णा, कानावर मफ, हातात वॉकीटॉकी. ड्रमची पातळी मुद्दाम थोडी खाली ठेवायला सांगितलं होतं, कारण व्हॉल्व्ह उडताच दाब पडतो आणि पाणी फुगून वर येतं. बगॅसच्या भट्टीला ब्रेक नसतो. फीडर बंद केले तरी शेगडीवर पडलेलं जळतच राहतं. म्हणून दाब जाळाने चढवायचा आणि ताबा स्टार्ट-अप व्हेंटवर ठेवायचा.

पहिला ५१.३ला उडाला आणि ४९.२ला बसला, म्हणजे पुन्हा बंद झाला. बरोबर. दुसरा ४९.६ पासूनच कुरकुरायला लागला, ५०.४ला उडाला आणि बसायचं नावच घेईना. ४६.९ला बसला. उघडणं ठीक, बंद होणं फार उशिरा. गॅग लावला, कारण रिंगच्या खाचेत अवजार घातलेलं असताना व्हॉल्व्ह उडाला तर हात राहत नाही. मग वरची रिंग काही खाचा वर घेतली. आमच्या बनावटीच्या व्हॉल्व्हमध्ये ती वर गेली की व्हॉल्व्ह लवकर बसतो. खालची रिंग किंचित वर घेतल्यावर कुरकुर गेली. पुन्हा चढवला : ५०.५ला उघडला, ४८.३ला बंद. खात्रीसाठी आणखी एकदा उडवला.

व्हॉल्व्ह उघडण्याकडेच सगळ्यांचं लक्ष असतं, बंद होण्याकडे नाही. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत मार्च १९७९ मध्ये रिलीफ व्हॉल्व्ह व्यवस्थित उघडला होता. तो बंद झालाच नाही, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

सुपरहीटरचा पहिल्या वेळी ४६.२ला उडाला. नवी स्प्रिंग. दाब उतरवून घेतला, स्पिंडल फिरू नये म्हणून आण्णांनी तो धरून ठेवला आणि मी स्क्रू अगदी थोडा फिरवला. चकती सीटवर गोल फिरली तर केलेलं लॅपिंग वाया जातं. पुढच्या वेळी ४७ला उघडला, ४५ला बसला.

हा ४५ आकडा मी चीफ साहेबांपुढे ठेवला. बॉयलर ४५ वरच चालवायचा हट्ट धरला, तर एकदा उडालेला व्हॉल्व्ह बसायला कायम कुंथत राहील, आणि कुंथणारा व्हॉल्व्ह सीट खातो. टर्बाइन विभागाचे साहेबही बैठकीला होते. वाद झाला, विजेचा हिशेब निघाला, उडालेल्या वाफेचाही निघाला. शेवटी ४३.५ ठरलं.

निरीक्षकांसमोर सील लागलं. शिफ्टच्या लॉगबुकात सेफ्टी व्हॉल्व्हसाठी वेगळा रकाना आखला : आवाज येतो का, किती दाबाला येतो, किती दाबाला थांबतो. उपाय लिहायला जागाच ठेवली नाही. ऑपरेटरने फक्त लिहायचं आणि दाब उतरवायचा.

डिसेंबरात एका पहाटे टर्बाइन ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं. सुपरहीटरचा व्हॉल्व्ह उडाला आणि ४४.८ला बसला. पाळीवर आण्णाच होते, नोंद त्यांच्या अक्षरात आहे. ड्रमचा ५०.५चा उडाला नाही, पण किंचित कुरकुरला असं ते म्हणतात. पॅनलवर ड्रमचा दाब ४९च्या वर गेलेला दिसत नाही, म्हणून मला ते पटत नाही. खालची रिंग आणखी एक खाच वर घ्यायला हवी होती हे त्यांचं मत, तशी घेतली तर तो बसायला उशीर करेल हे माझं. पुढच्या फ्लोटिंगला तो आधी जसा आहे तसा उडवून बघायचा, एवढ्यावर तूर्त दोघेही राजी आहोत.